वाचक विचारतात : कॉलेजच्या हॉलमधली प्रायोगिक मैफल

या महिन्यात बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत. ठिकठिकाणचे विद्यार्थी स्वतःच्या हिमतीवर प्रायोगिक संगीताच्या आणि सादरीकरणाच्या संध्याकाळी भरवतायत, आणि बहुतेकांची गाडी वायरींत किंवा वेळापत्रकात अडकतेय.

प्रश्न : आम्ही पितळी घंगाळाला पिएझो चकती (थरथरीची वीज करणारी, पितळेवर सिरॅमिक बसवलेली पातळ चकती) चिकटवून आवाज घेतो. मिक्सरमध्ये तो पत्र्यासारखा किरकिरा येतो, खर्ज अजिबात नाही. वर सतत गुणगुण. चकती खराब असेल का? (नाशिक)

चकती बहुधा ठणठणीत आहे. २७ मिमीची पिएझो चकती म्हणजे विजेच्या हिशेबात साधारण २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. मिक्सरच्या लाइन इनपुटचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, १० किलोओहमच्या आसपास असतो. दोघं मिळून जो फिल्टर तयार होतो, तो सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापत जातो. घंगाळाचा घुमारा नेमका तिथेच असतो, त्यामुळे हाती लागतो तो वरचा किणकिणाट. माइक इनपुटचा रोध तर याहून कमी, म्हणजे तिथे आणखी वाईट. हीच चकती १ मेगाओहमच्या इनपुटला लावा, तीच मर्यादा ८ हर्ट्झवर उतरते. त्यासाठी ऑडिओ इंटरफेसवरचं गिटारचं इनपुट वापरा किंवा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी, विजेवर चालणारी डबी) भाड्याने आणा. बिनविजेच्या पॅसिव्ह डीआयने सुधारणा होते, पण पूर्ण नाही.

गुणगुण येते ती जोडणीमुळे. चकतीसोबत येणाऱ्या केसासारख्या दोन तारा काढून टाका आणि शिल्डेड केबल लावा. मधली तार पांढऱ्या सिरॅमिकला, बाहेरची जाळी पितळेला. हे उलट झालं की चकतीचं पितळ आणि त्याला टेकलेलं अख्खं घंगाळ अँटेनाचं काम करतं. सिरॅमिकवर सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. वरचा चांदीचा थर उचलला गेला की ती चकती गेलीच. जोड गार झाल्यावर त्यावर ग्लूगनचा एक थेंब सोडा, कारण तार तुटते ती तिथेच. मग सिरॅमिकवर इन्सुलेशन टेप, त्यावर तांब्याची पट्टी, आणि ती पट्टी पितळेला जोडलेली. चिकटवताना पितळेची बाजू भांड्याकडे ठेवा आणि दोन्हीकडून चिकटणारी पातळ टेप घ्या. फोमची जाड टेप अर्धी थरथर स्वतःच गिळते.

प्रश्न : लॅपटॉप बॅटरीवर असताना आवाज स्वच्छ असतो. चार्जर लावला की घूंऽऽ सुरू. एकाने चार्जरची अर्थिंगची पिन कापायला सांगितलंय. (पुणे)

कापू नका. त्याने गुणगुण जाईल, पण दोष आलाच तर करंट जाण्याची वाट तुमच्या अंगातून असेल. लॅपटॉप आणि स्पीकर वेगवेगळ्या बोर्डांवर असले की दोन्हींच्या अर्थिंगमधून वळसा तयार होतो आणि आपल्याकडची ५० हर्ट्झची वीज त्यातून गाते. मिक्सर, लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डावर घ्या. तरी राहिली, तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स टाकून त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं (फक्त ऑडिओच्या तारेतली ग्राउंडची जोड तोडणारं) बटण दाबा.

जाता जाता : भिंतीतल्या ६ अँपियरच्या सॉकेटवर साधारण १३८० वॉटच चालतात. प्रोजेक्टर आणि दोन स्पीकर निभावतात. त्यावर कोणी चहासाठी १५०० वॉटची किटली लावली, तर बघता बघता हॉल अंधारात. किटली कॉरिडॉरमध्ये.

प्रश्न : सहा गट, प्रत्येकी २० मिनिटं. गेल्या वेळी कार्यक्रम एवढा लांबला की शेवटच्या गटाला रिकाम्या खुर्च्या मिळाल्या. (कोल्हापूर)

सहा वेळा वीस म्हणजे दोन तास, असा हिशेब तुम्ही केला असणार. मधल्या पाच अदलाबदली कोणी धरल्या नाहीत. तारा काढणं, टेबल हलवणं, नवा लॅपटॉप सुरू होणं, याला सहज १५ मिनिटं जातात. पाच वेळा म्हणजे सव्वा तास, तोही काहीही न बिघडता.

जागा दोन करा. एक स्टेज, एक समोरच्या भिंतीपाशी जमिनीवर. प्रेक्षक मधे सतरंजीवर, तोंड फिरवून बसतील. स्टेजला मिक्सरचे १ ते ८ चॅनल, भिंतीला ९ ते १६. एकीकडे वाजत असताना दुसरीकडे मांडामांड होते आणि मधली फट तीन-चार मिनिटांवर येते. अट एकच : वाजणं चालू असताना तारा खुपसायच्या नाहीत, फक्त मांडून ठेवायच्या.

आठवडाभर आधी प्रत्येक गटाकडून एक कागद घ्या : किती लाइन, किती माइक, ४८ व्होल्टचा फँटम (काही माइकना मिक्सरकडून तारेतूनच मिळणारी वीज) लागतो का, किती प्लग, किती टेबलं. टेबलं सगळेच विसरतात. साउंडचेक उलट्या क्रमाने, म्हणजे शेवटचा गट आधी. पहिल्या गटाचं सगळं लावलेलं तसंच राहतं. प्रत्येक चेकनंतर मिक्सरच्या बटणांचा मोबाइलवर फोटो काढा, साध्या ॲनालॉग मिक्सरला स्मरणशक्ती नसते.

प्रश्न : मिक्सरचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून फीडबॅक वाजवायचाय. स्पीकर उडेल का? (मुंबई)

बेफिकीर राहिलात तर उडेल, आणि आधी ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर. ऑक्स सेंडमधून (चॅनलचा आवाज वेगळ्या वाटेने बाहेर देणारं मिक्सरचं आउटपुट) तार काढून एका चॅनलच्या लाइन इनपुटला द्या. त्याआधी मास्टर पूर्ण खाली, गेन शून्यावर, फँटम बंद. मग चॅनलचं ऑक्सचं बटण इंचाइंचाने वर न्या. आवाज फुटला की ईक्यू (वरच्या-खालच्या पट्ट्या कमीजास्त करणारी बटणं) हेच तुमचं वाद्य : वरची पट्टी कापली की सूर खाली घसरतो. मिक्सर आणि स्पीकरच्या मध्ये लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारं यंत्र) हवाच. कानांचंही बघा. ८५ डेसिबल आठ तास सोसतात, १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. दारात फोमचे इअरप्लग ठेवा.

प्रश्न : प्राचार्य म्हणतात, हे परदेशी फॅड आहे, वर पोलीस येतील. (छत्रपती संभाजीनगर)

फॅडबद्दल परवानगीच्या अर्जात एक ओळ घाला : १९६९ मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये (एनआयडी) मूग कंपनीच्या सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ सुरू झाला होता. पोलिसांबद्दल मात्र प्राचार्य बरोबर बोलतायत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो बंद. बंदिस्त सभागृहाला त्यात सूट आहे, पण तुमच्या खिडक्या सताड उघड्या असतील तर त्याला बंदिस्त म्हणणं अवघड. शाळा-कॉलेज, रुग्णालय आणि न्यायालयाभोवतीचं किमान १०० मीटरचं क्षेत्र सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं, तसं केलं असेल तर तिथली दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. साडेनऊला संपवा.

जुन्या फिल्मी गाण्याचे तुकडे कापून वाजवणार असाल तर कॉपीराइट येतो. शैक्षणिक संस्थेच्या कामाचा भाग म्हणून ध्वनिमुद्रण वाजवायला कलम ५२ मध्ये सूट आहे, पण तेव्हा प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसंच हवीत. पोस्टरवर ‘सर्वांना प्रवेश’ छापलंत की ती सूट गेली.

प्रश्न : टाळ्या कधी वाजवायच्या हेच लोकांना कळत नाही. (सातारा)

दारावरच्या कागदावर प्रत्येक सादरीकरणापुढे मिनिटं लिहा. संपल्यावर कलाकाराने हात वाद्यावरून उचलून मांडीवर ठेवायचे, आणि दिवे सांभाळणाऱ्याने ते बघूनच दिवे लावायचे.