लेंटमध्ये (ईस्टरआधीचा ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ) मटण-चिकन सोडलं की झालं का, की रोजच्या जगण्यातही त्याग करायचा असतो? कसा?

नाही, तेवढ्यावर होत नाही, त्याग रोजचाच आहे आणि तो बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातही येणार नाही इतका छोटा असतो. बायबलमध्ये लूक 9:23 मध्ये येशू दररोज आपला क्रूस उचलून मागे यायला सांगतो, तिथे चाळीस दिवसांची मर्यादा नाहीये, आणि यशया 58 तर सरळच म्हणतो की देवाला आवडणारा उपास म्हणजे भुकेल्याला आपल्यातली भाकर देणं. मला यात लिझ्युची संत तेरेझा (फ्रेंच नन, मृत्यू 1897, वय फक्त 24) सगळ्यात जवळची वाटते, मठात कपडे धुताना समोरची सिस्टर घाण पाणी तिच्या तोंडावर उडवायची तरी ती मागे सरकली नाही, तेच देवाला अर्पण केलं. आपल्याकडे काय करता येईल तर

- मोबाईल बाजूला ठेवून म्हाताऱ्यांचं तेच तेच बोलणं नीट ऐका
- लेंटच्या शुक्रवारी मटण न खाऊन वाचलेले पैसे खरंच कुणाला तरी द्या
- केलेलं बोलून दाखवू नका (मत्तय 6)

फक्त एक, घरातली मारहाण किंवा छळ गप्प सोसणं म्हणजे क्रूस नव्हे, कोणी तसं सांगत असेल तर ऐकू नका, तिथे सरळ मदत मागा.