वाचक विचारतात : वस्तीवर लाईट नाही, वर्कशॉप कशावर चालवू?

प्रश्न : सर, आमची वस्ती पाटण तालुक्यात वर डोंगरावर आहे, पोल अजून लांबच. घरामागच्या शेडात सुतारकाम सुरू करायचंय. 1 एचपीचं रंधा मशीन, 4 इंची ग्राइंडर, ड्रिल आणि मधेअधे वेल्डिंग. सोलर घेऊ का जनरेटर? आणि समोर वनकुसवड्याच्या पवनचक्क्या दिसतात, मग छोटी पवनचक्की का नको?
— एक वाचक, पाटण

उत्तर : दादा, पवनचक्कीचं आधी सांगतो. त्या पठारावरच्या चक्क्या उंच मनोऱ्यावर आहेत म्हणून चालतात. वारा निम्मा झाला की त्यातली ताकद आठव्या हिश्श्यावर येते, आणि घराच्या पत्र्यावर झाडाझुडपांमुळे वारा नुसता भोवंडतो, त्यामुळे तिथं लावलेली बारकी चक्की दिसायला भारी, कामाला कमी. पैसे तिकडे घालू नका.

आता रंधा मशीन, ते सोलरवर चालेल. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, पण मोटर चालू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते आणि साधा घरगुती इन्व्हर्टर तिथंच ट्रिप मारतो. म्हणून सगळ्या मशीनच्या वॅटची बेरीज करत बसू नका, सगळ्यात जड मोटर कोणती आणि ती उचलेल एवढा इन्व्हर्टर कोणता हे आधी बघा. तुम्हाला साडेतीन केव्हीएचा (केव्हीए म्हणजे इन्व्हर्टरची ताकद मोजायचं माप) प्युअर साइन वेव्ह, म्हणजे पोलवरच्या लाईटसारखी सरळ लाटेची वीज देणारा इन्व्हर्टर लागेल, ओबडधोबड लाटेचा स्क्वेअर वेव्ह स्वस्त मिळतो पण त्यावर मोटर तापते, गुणगुणते. ग्राइंडर-ड्रिलला कार्बन ब्रशची मोटर असते, त्यांचा एवढा त्रास नाही.

रंधा तासभर, बाकी किरकोळ, म्हणजे दिवसाला दोनेक युनिट. 12 व्होल्ट 150 एएचच्या (एएच म्हणजे अँपियर-तास, बॅटरीत वीज किती मावते ते) चार ट्यूब्युलर, म्हणजे नळीदार प्लेटांच्या बॅटऱ्या म्हणजे कागदावर 7.2 युनिट, पण त्यातली निम्मीच वीज वापरायची, रोज तळ गाठला की बॅटऱ्या लवकर बसतात. पॅनल 2 किलोवॅटचं घ्या. सांगलीच्या कोरड्या जतकडं असता तर एक किलोवॅटवर भागलं असतं, ऊन असलं की किलोवॅटला दिवसाचे चारेक युनिट पडतात. पण तुमच्याकडं जून ते सप्टेंबर धुकं आणि पाऊस, तेव्हा त्याच्या पाव भागही कधीकधी मिळत नाही. आणि जड काम दुपारी ऊन असतानाच उरका, बॅटरीवर ताण येत नाही.

वेल्डिंग मात्र या बॅटरीवर नकोच. बारीक 2.5 एमएमचा रॉड ओढायचा तरी 80 अँपियरच्या आसपास लागतात, त्याला 5 केव्हीएचा जनरेटर बरा. पण छोट्या पेट्रोल जनरेटरची वीज युनिटला पन्नास रुपयांच्या पुढं जाते, रोज त्यावर रंधा चालवला तर मजुरी पेट्रोलातच जाईल. मधेअधेच वेल्डिंग असेल तर विकत कशाला घेताय, कामं साठवून ठेवा आणि मंडपवाल्याकडून एका दिवसापुरता भाड्यानं आणा, लग्नसराई सोडून कधीही मिळतो. फक्त पाऊस आला म्हणून शेडात घेऊन चालू करू नका, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद जागेत माणूस दगावतो. बाहेर आडोसा करून लांब ठेवा, वायर लांबते म्हणून ती थोडी जाड घ्या.