‘रीइन्स्टॉल करेन’ हे उत्तर का चाललं नाही?

प्रश्न : मी पुण्यात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रॉडक्शन सपोर्टच्या मुलाखतीत विचारलं, ‘सर्व्हरच्याच मशीनवरून मायएसक्यूएल या डेटाबेसला कनेक्ट होत नाहीये, काय कराल?’ मी ‘रीइन्स्टॉल करेन’ म्हणाले आणि मुलाखत तिथंच आटोपली. डेटाबेसची लाइन सोडू का? की सहा महिन्यांचा डीबीए (डेटाबेस अॅडमिनिस्ट्रेटर) कोर्स लावू? आईबाबा फी भरायला तयार आहेत.
– एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

उत्तर : लाइन सोडू नकोस आणि फीही इतक्यात भरू नकोस. उबंटू या लिनक्सवर पॅकेज काढून पुन्हा टाकलं तरी जुनी कॉन्फिग फाइल आणि डेटा फोल्डर सहसा तसेच राहतात, म्हणजे बिघाडही राहतो. ‘पर्ज’ (कॉन्फिगसकट काढणं) करताना डेटा काढायला होकार दिलास, तर ग्राहकाचा डेटाच गेला. सपोर्टच्या माणसाला हे उत्तर ऐकून धडकी भरते.

तिथं तू उलट विचारायला हवं होतंस : एरर नंबर काय येतोय? १०४५ आला तर सर्व्हर चालू आहे, त्याने युजर किंवा पासवर्ड नाकारलाय. उबंटूवर रूटने लॉगिन करताना १६९८ आला, तर बहुतेकदा रूटला पासवर्ड नसून ऑथ सॉकेट, म्हणजे मशीनवरच्या लॉगिनवरूनच ओळख पटवणं, लावलेलं असतं. सुडो (अॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून आत जा. २००२ मात्र वेगळा, इथं जोडणी सर्व्हरपर्यंत पोचलेलीच नसते. त्याच्या शेवटी कंसातला आकडा वाच. २ म्हणजे सॉकेट फाइल (त्याच मशीनवरच्या प्रोग्रॅमला सर्व्हरशी जोडणारी खास फाइल) जागेवर नाही, १३ म्हणजे परमिशनचा घोळ, १११ म्हणजे फाइल आहे पण पलीकडे ऐकणारं कुणी नाही.

बहुतेक मुलं अडतात ती ‘लोकलहोस्ट’पाशी, म्हणजे ‘हेच मशीन’ या नावापाशी. लिनक्सवर मायएसक्यूएलचा क्लायंट लोकलहोस्ट म्हटलं की सॉकेट फाइलनं जातो, १२७.०.०.१ (याच मशीनचा आयपी पत्ता) दिलं की टीसीपीनं, म्हणजे नेटवर्कच्या वाटेनं, पोर्ट ३३०६ वर. म्हणून दोन्ही करून बघायचं. १२७.०.०.१ चालतं आणि लोकलहोस्ट नाही, तर सर्व्हर जिवंत आहे. मग कॉन्फिगमध्ये सर्व्हरच्या आणि क्लायंटच्या विभागात सॉकेटचा पाथ एकच आहे का ते तपास. सॉकेट टेम्प फोल्डरमध्ये ठेवलं असेल, तर साफसफाईत ते उडालेलंही असू शकतं. रीस्टार्टनं पुन्हा तयार होतं. उलट लोकलहोस्ट चालतं आणि १२७.०.०.१ वर २००३ येतो, तर बाइंड अॅड्रेस (सर्व्हर ज्या पत्त्यावर ऐकतो तो) आणि पोर्ट बघ.

दोन्ही बंद असतील तर सिस्टिमसीटीएल कमांडने सर्व्हिसचं स्टेटस बघ आणि लगेच एरर लॉग उघड. डिस्क भरली आहे का, हे ‘डीएफ’ कमांड एका ओळीत सांगते. कमी रॅमच्या मशीनवर कर्नल मेमरीसाठी सर्व्हरची प्रोसेस मारतो. ते ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, दिसतं. डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवलं असेल, तर मालकी बरोबर असूनही उबंटूवर अॅपआर्मर (कुठल्या प्रोग्रॅमला कुठल्या फायली उघडता येतील ते ठरवणारी सुरक्षा) अडवतो. यावर भले भले दिवस घालवतात. नेटवर ‘आयबी लॉगफाइल (डेटाबेसच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या फायली) डिलीट करा’ असा सल्ला दिसेल. बॅकअपशिवाय त्या फायलींना हात लावायचा नाही.

आता सराव. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) २ जीबी रॅमचं उबंटू टाक, स्नॅपशॉट (मागे परतण्यासाठी त्या क्षणाची प्रत) घे आणि सर्व्हर मुद्दाम मोड. सर्व्हिस बंद कर, पोर्ट ३३०७ कर, सॉकेटचा पाथ फक्त सर्व्हरच्या विभागात बदल, डेटा फोल्डरची मालकी रूटला दे. दर वेळी नंबर, लॉगमधली ओळ आणि उपाय वहीत लिही. एरर पाहून कारण आपोआप सुचायला लागलं की पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसकडे वळ. तिथं पोर्ट ५४३२, आणि लोकल लॉगिनचे नियम पीजी-एचबीए फाइलमध्ये.

कोर्सचा विचार त्यानंतर कर. लावायचाच असेल तर डेमो लेक्चरला बसून विचार : बॅकअप रिस्टोअर आणि रेप्लिकेशन (डेटाची दुसऱ्या सर्व्हरवर सतत प्रत ठेवणं) स्वतःच्या हातानं करायला मिळतं का? नुसत्या क्वेरी शिकवणार असतील तर त्या कॉलेजात झाल्याच आहेत. ओरॅकलचं सर्टिफिकेट नोकरीत ओरॅकल हाती आल्यावर बघता येईल.

आईबाबांशी मात्र फीपेक्षा शिफ्टबद्दल बोल. हिंजवडी असो की खराडी, सपोर्टमध्ये रात्रपाळी आणि ऑन-कॉल येतातच. मुलाखतीत तूही विचार, रात्रीची कॅब मिळते का आणि ऑन-कॉल किती आठवड्यांनी येतो.