जुना बूट उलटा करून बघा: स्केटबोर्डिंगच्या बुटांविषयी प्रश्नोत्तरे

स्केटबोर्डिंगचा बूट दुचाकीच्या ब्रेक शूसारखा झिजायसाठीच बनलेला असतो. तो कुठे झिजला ते नीट पाहिलं की पुढचा जोड कोणता घ्यायचा हे बरंचसं कळतं. म्हणून खालची उत्तरं वाचताना आपला जुना जोड समोर घेऊन बसा.

सहा महिन्यांपासून बोर्ड चालवतो. ओली (हात न लावता बोर्डसकट उडी) जमते, किकफ्लिप (उडीत बोर्ड पायाने गोल फिरवणं) दहातून दोनदा जमते. कुणी म्हणतं व्हल्कनाइज्ड सोल घे, कुणी म्हणतं कपसोल. फरक नेमका काय? (विद्यार्थी, प्रतापनगर)

सोल वरच्या भागाला कसा जोडलाय, एवढाच मूळ फरक. व्हल्कनाइज्ड बुटाचा सपाट सोल आणि बाजूने फिरणारी पट्टी आधी कच्च्या रबराची असते. ती बुटाला लावून अख्खा बूट भट्टीत तापवतात, तिथे रबर पक्कं होऊन सगळं एकजीव होतं. कपसोल मात्र आधीच साच्यात वाटीसारखा तयार झालेला असतो. बूट त्या वाटीत बसवतात, चिकटवतात आणि काठाने शिवण मारतात. ओळखायला सोपं आहे: काठावरच्या खोबणीत दोऱ्याचे टाके दिसले तर बहुधा कपसोल, नुसती रबराची पट्टी गुंडाळलेली दिसली तर व्हल्कनाइज्ड.

व्हल्कनाइज्ड सोल पातळ असतो, पहिल्या दिवसापासून वाकतो. ट्रकच्या, म्हणजे बोर्डखाली चाकं धरणाऱ्या सांगाड्याच्या, बोल्टची डोकी कुठे आहेत, टेलचा, म्हणजे बोर्डच्या मागच्या टोकाचा, उचललेला भाग कुठून सुरू होतो, हे पायाच्या बोटांना न बघता कळतं. किकफ्लिप शिकताना याचीच गरज असते, कारण पुढचं पाऊल एखाद्या सेंटिमीटरने चुकलं तरी बोर्ड वेगळंच फिरतं. तोटा असा की हा सोल लवकर झिजतो आणि टाचेखाली फोम कमी असतो. कपसोलला पायात बसायला आठवडाभर तरी लागतो, पण पाऊल आत डगमगत नाही, धक्का कमी बसतो आणि सोल जास्त महिने चालतो.

तुम्ही सपाट जागेवर शिकताय, तर व्हल्कनाइज्ड घ्या. पायऱ्यांवरून उड्या सुरू झाल्या, वजन जास्त असलं किंवा टाच आधीच कुरकुरत असली, तर पातळ घडणीचा कपसोल. आणि सिमेंटच्या रस्त्यांवरून रोज लांबवर बोर्ड ढकलत जाताना रस्त्याच्या सांध्यांतल्या खाचांमुळे पायाला मुंग्या येत असतील, तर दोष बुटाचा नसून चाकांचा आहे. ९९ए ते १०१एची (हा आकडा चाकाचा कडकपणा सांगतो) कडक चाकं ट्रिकसाठी असतात. रस्त्यासाठी ७८ए ते ८७एची मऊ चाकं लावा. तो खर्च बुटाच्या आधी करावा.

तीन आठवड्यांत डाव्या बुटाला करंगळीपाशी भोक पडलं. उजवा वरून नवाकोरा आहे. बूट सदोष आहे का? (वाचक, खामला)

सदोष नाही. तुमचा डावा पाय पुढे असतो आणि तुम्ही ओली खूप मारता, एवढं त्या भोकावरून वाचता येतं. उजवा उलटा करून बघा: चवड्याखालची नक्षी पुसट झालेली असेल. बोर्ड ढकलणं, टेल आपटणं आणि जमिनीवर पाय घासून थांबणं ही कामं मागचा पाय करतो, म्हणून त्याचा सोल जातो. पुढच्या पायाची वरची बाजू जाते.

कारण ग्रिप टेपमध्ये, म्हणजे बोर्डवर चिकटवलेल्या खरखरीत पट्टीत, आहे. त्यावर सिलिकॉन कार्बाइडचे कण असतात, सँडपेपरवर असतात तसेच. ओलीत टेल आपटून बोर्ड उभं होतं आणि पुढच्या पावलाची बाहेरची कड त्या सँडपेपरवरून घासत वर जाते. म्हणजे शंभर ओली मारल्या की बुटाचं तेच बोटभर टोक शंभरदा घासलं. हा खेळ सुरुवातीला असा नव्हता. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये १९६६ साली सुरू झालेल्या व्हॅन्स या बूट कंपनीचे कॅनव्हासचे बूट स्केटरांनी उचलले ते बोर्डला चिकटून राहणाऱ्या सोलसाठी. पुढे १९७०च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅलन गेलफंड या स्केटरने ओली आणली, रॉडनी मलन या दुसऱ्या स्केटरने १९८०च्या दशकात ती सपाट जमिनीवर आणली, आणि तेव्हापासून बुटाच्या चवड्याला खरी परीक्षा आहे.

आता पुढचा जोड घेताना चवड्याचा भाग स्वेडचाच बघा. स्वेड म्हणजे आतली, मऊ लव असलेली बाजू वर केलेलं चामडं. ते हळूहळू पातळ होतं, एकदम फाटत नाही. कॅनव्हास काही दिवसांत जातो. गुळगुळीत चामडं आधी घसरतं आणि नंतर सोलवटतं. दुसरी गोष्ट शिवण: करंगळीच्या जागेवर जितक्या कमी शिवणी तितकं बरं. घासताना चामड्याआधी दोरा तुटतो आणि तुकडा उघडतो. टोकापासून लेसपर्यंत अखंड एकच तुकडा असलेला बूट या बाबतीत उत्तम. काही बुटांत स्वेडखाली रबराचा थर असतो. वरचं चामडं गेलं की तो दिसू लागतो आणि आणखी बरेच दिवस निघतात. असा बूट मिळत असेल तर दोन पैसे जास्त द्यावेत.

नव्या बुटाच्या त्या भागातल्या टाक्यांवर पहिल्याच दिवशी फेविक्विकची बारीक रेघ ओढा, टाका झाकेल एवढीच. बूट पायात नसताना, हवेशीर जागी. चामड्यावर पसरवू नका, वाळून कडक होतं आणि वाकताना तडकतं.

चामडं पातळ दिसायला लागलं की, भोक पडण्याआधी, बूट दुरुस्तीची रबरी पेस्ट लावा (ट्यूबमध्ये मिळते, शू गू त्यातली नावाजलेली). आधी ब्रशने धूळ काढा, जागा सँडपेपरने किंचित खरखरीत करा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि सुकू द्या. भोवती चिकटपट्टी लावून चौकट आखा. दोनेक मिलिमीटरचा थर द्या, बर्फाच्या खड्याने किंवा ओल्या बोटाने सपाट करा, पट्टी लगेच काढा. मग २४ तास हात लावायचा नाही, ४८ तास थांबलात तर आणखी चांगलं. बहुतेकांची दुरुस्ती फसते ती इथेच: संध्याकाळी लावतात, सकाळी बोर्डवर चढतात आणि वरून सुकलेला, आतून ओला थर ग्रिप टेप एका घासात ओढून नेते.

ग्रिप टेप नवीकोरी असेल तर तिचाच उरलेला तुकडा घेऊन, पुढचा पाय घासतो त्या पट्ट्यावर हलकेच चोळा. सर्वांत टोकदार कण मोडतात, पकड फारशी कमी होत नाही आणि बूट जास्त टिकतो.

लेस सारखी तुटते. काय करू? (वाचक, मानेवाडा)

पुढच्या पायातल्या बुटाची, बाहेरच्या बाजूची, खालून दुसरी-तिसरी फेरी तुटत असणार. बाहेरच्या रांगेतलं तेवढं एक भोक सोडून लेस ओवा, म्हणजे घासणाऱ्या जागी ती वर येत नाही. लेस केव्हलरची (एक फार मजबूत धागा) मिळाली तर उत्तम. साधी नायलॉनची तुटली तर टोक मेणबत्तीवर धरून वितळवा आणि वरचं शेवटचं भोक सोडून बांधा, त्या दिवसापुरतं काम होतं.

मुलगी १० वर्षांची आहे, आत्ताच शिकायला लागलीय. तिच्याकडे चांगले रनिंग शूज आहेत. वेगळे बूट घ्यावेच लागतील का? (पालक, त्रिमूर्तीनगर)

हो, पण महागडे नकोत. धावण्याच्या बुटाची टाच उंच आणि मऊ असते, सोल कडेला बाहेर पसरलेला असतो. बोर्डवर उभं राहिल्यावर पाय त्या फोममध्ये डुलतो आणि बोर्ड कडेला कललं की घोटा मुरगळायची शक्यता वाढते. जाळीचं कापड ग्रिप टेपवर काही दिवसही टिकत नाही. सध्या ती फक्त ढकलणं आणि वळणं शिकतेय, तर सपाट रबरी सोलचा, लेसचा, टाच घट्ट धरणारा कुठलाही कॅनव्हास बूट पुरेसा आहे. ओली सुरू झाली की स्वेड घ्या. वाचलेल्या पैशांत हेल्मेट, ढोपर-कोपराचे पॅड आणि मनगटाचे गार्ड आणा. नवशिकी मुलं पडताना हात टेकतात आणि मनगट दुखावून घेतात.

ऑनलाइन मागवताना नंबर दरवेळी चुकतो. (वाचक, सदर)

डब्यावरचा आकडा युके आहे की यूएस, तिथेच घोळ होतो. आपल्याकडे युके चालतो, स्केटच्या कंपन्या बहुधा यूएस लिहितात. पुरुषांच्या मापात यूएस ८ म्हणजे बहुतेक ठिकाणी युके ७, पाऊल साधारण २६ सेंटिमीटर. बायकांचा यूएस आकडा त्याच बुटाला दीडने जास्त असतो.

मोजायचं संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, आणि मोजे घालून. भिंतीला कागद लावा, टाच भिंतीला टेकवून पूर्ण वजन देऊन उभे राहा, सगळ्यांत लांब बोटापाशी खूण करा. दोन्ही पायांचं माप घ्या, मोठं धरा. दुकानातल्या नंबरापेक्षा कंपनीच्या तक्त्यातले सेंटिमीटर बघा. बोटांपुढे पाऊण सेंटिमीटरपेक्षा जास्त पोकळी नको. रिकामं टोक किकफ्लिपच्या वेळी दुमडतं आणि झटका उशिरा लागतो. स्वेड रुंदीला सैल पडतं, लांबीला नाही, त्यामुळे ‘वापरून वाढेल’ या आशेवर आखूड बूट घेऊ नका.

उंचावरून उतरताना टाच दुखते. जाड इनसोल घालू का? (वाचक, धरमपेठ)

घाला, पण जुना काढून, त्याच्यावर नव्हे. दोन थर घातले की टाच बुटाच्या कडेपेक्षा वर येते, मागची पकड जाते आणि पाऊल आत घसरायला लागतं. आधी जुना इनसोल बाहेर काढून टाचेच्या जागी अंगठ्याने दाबा. खड्डा तसाच राहिला तर फोम मेला आहे. ईव्हीए फोम हलका असतो पण लवकर दबतो. पॉलियुरेथेनचा थोडा जड, पण जास्त दिवस उभारी धरतो. उड्या मारणाऱ्याने तोच घ्यावा.

इनसोल धक्का कमी करतो, चुकीचं उतरणं दुरुस्त करत नाही. दोन्ही पावलं बोल्टवर, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, असं उतरलात तर टाचेवर फार थोडं येतं. आत्ता मात्र दुखत असताना उड्या बंद ठेवा. टाच टेकवून चालता येत नसेल किंवा सूज असेल, तर बूट-इनसोलच्या नादी न लागता हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) हुबेहूब स्केट शूजसारखे बूट स्वस्तात मिळतात. चालतील का? (विद्यार्थी, नंदनवन)

दिसायला हुबेहूब असतात, पण चार जागा तपासा. पहिली, कडेची शिवण: नखाने दोरा उचलून बघा. बऱ्याचदा ते टाके साच्यातच उमटवलेले असतात आणि सोल नुसत्या गोंदावर असतो. दुसरी, सोल: नख रुतवा. खरं रबर दबून परत वर येतं, हाताला किंचित चिकट लागतं. प्लास्टिकसारखा कडक, चकचकीत सोल कोटा फरशीवर आणि घासून गुळगुळीत झालेल्या ग्रिप टेपवर सरकतो. तिसरी, स्वेड: बोट एका दिशेने फिरवा, मग उलट. अस्सल स्वेडवर छटा बदलते. नुसती लव चिकटवलेलं कापड असेल तर नखाने खरवडल्यावर लव निघून खालचं विणकाम दिसतं. चौथी, नक्षी: खोल खाचा नकोत. बोर्डवर जितकं रबर सपाट टेकेल तितकी पकड. तळाशी जाळीदार किंवा नागमोडी, उथळ नक्षी असावी.

शिवण खोटी पण सोल रबराचा असेल तर शिकाऊ महिन्यांपुरता घ्या. सोल सरकत असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

मे महिन्यात व्हल्कनाइज्ड बुटाची पट्टी टोकाशी सुटली. पावसात आणखी बिघडेल का? (वाचक, हनुमाननगर)

नवतपात (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत) उन्हातली डांबरी सडक ६० अंशांच्या पुढे तापते, आणि दुचाकीची बंद डिक्की तर छोटी भट्टीच. त्या उष्णतेत गोंद मऊ पडतो, आणि टोकाला पाय वाकताना रोज ताण असतो, म्हणून पट्टी तिथूनच सुटते. उन्हाळ्यात बोर्ड पहाटे किंवा दिवे लागल्यावर चालवा आणि बूट डिक्कीत ठेवू नका.

सुटलेली पट्टी वेळेत धरली तर पुन्हा घट्ट बसते. फटीतली माती जुन्या दातांच्या ब्रशने काढा, दोन्ही बाजू सँडपेपरने खरखरीत करा, स्पिरिटने पुसा. फेविबॉन्डसारखा रबरी गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा आणि बोटाला लागेनासा होईपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं, उघडा ठेवा. ओला असतानाच दाबला तर धरत नाही. मग जोर लावून दाबा, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून बुटाभोवती आवळा आणि रात्रभर राहू द्या. मोच्याकडे नेणार असाल तर टोकाला चार टाके मारायला सांगा, पण करंगळीच्या जागी नको.

पावसात स्वेड भिजलं तर लेस आणि इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन-तीन तासांनी बदला, सावलीत वाळवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली ते कडक होतं. वाळल्यावर कोरड्या ब्रशने लव उभी करा. वॉशिंग मशीनमध्ये कधीही नाही. ओल्या बुटाने बोर्डवर चढूही नका, पाणी डेकच्या, म्हणजे बोर्डच्या लाकडी फळीच्या, थरांत शिरतं आणि चाकांतली बेअरिंग गंजतात. आणि बूट भिजलेला असो वा चिकटवलेला, कूलरसमोर ठेवू नका. ती हवा दमट असते, त्यात बूट वाळत नाही. छताच्या पंख्याखाली, आडवा करून ठेवा.