नावडतीचा थोरला आणि दुप्पट वाटा

प्रश्न: वडिलांनी लाडक्या मुलाला जास्त दिलं, तरी बायबलच्या जुन्या करारानुसार इतर मुलांनी त्यांचा मान राखायचाच का?

मान राखायचा, हो. पण "जुन्या करारातल्या याकोबानेही आपल्या योसेफ या मुलाला झुकतं माप दिलंच होतं की" असं म्हणून पक्षपात झाकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे, म्हणून आधी वाटणीचं बोलतो.

जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातला २१:१५-१७ हा उतारा काढा. दोन बायका, एक आवडती, एक नावडती. थोरला नावडतीच्या पोटचा. बापाने आवडतीच्या मुलाला थोरला ठरवायचं नाही, दुप्पट वाटा थोरल्याचाच. 'नावडती'साठी इथे जो हिब्रू शब्द आहे, सनुआ, तोच उत्पत्ती २९:३१ मध्ये याकोबाच्या नावडत्या बायकोसाठी, लेआसाठी येतो. याकोबाने काय केलं? लेआचा रऊबेन थोरला, पण ज्येष्ठत्व गेलं आवडत्या राहेलच्या योसेफाकडे; त्याचे मुलगे एफ्राइम आणि मनश्शे मिळून त्याचे दोन वाटे झाले. म्हणजे कायदा जे करू नको म्हणतो, नेमकं तेच! तल्मूद हा ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ तर स्पष्ट म्हणतो की एका मुलाला वेगळं काढू नये. योसेफाला जास्त दिलेल्या दोन सेला (जुनं वजन) भर तलम लोकरीपायी भाऊ जळले आणि सगळे मिसरात जाऊन पडले.

दुप्पट म्हणजे अर्धी इस्टेट नव्हे, इथे बरेच जण चुकतात. मुलगे पाच तर सहा भाग करायचे, थोरल्याला दोन. दोनच असतील तर तीन भाग. हेही फक्त बापाच्या मालमत्तेत. आईच्या मालमत्तेत सगळे सारखे.

पळवाट आहे. "वारसा म्हणून थोरल्याला दुप्पट नाही" असं बाप म्हणाला तर मिश्नाच्या (तल्मूदचा पाया असलेल्या कायदेसंग्रहाच्या) लेखी ते बोलणं फुकट. 'देणगी' म्हणून हयातीत वाटलं तर चालतं. मात्र पोरांना डावलून परक्यांना दिलं, तर व्यवहार टिकतो, पण ज्यू धर्मपंडित त्यावर खूश नाहीत, असंही तिथेच लिहिलंय.

मानाला वाटणीची अट नाही. तल्मूदप्रमाणे आईबापांना खाऊ-पिऊ घालणं, कपडे, ने-आण हा मान. त्यांच्या जागेवर न बसणं, त्यांचा शब्द न खोडणं हे भय, म्हणजे त्यांचा धाक बाळगणं. खर्च मात्र बापाच्या पैशातून, असा तिथला निवाडा आहे.

रऊबेनाची बाजू घेताना एक राहिलं: तो बापाच्या उपपत्नीपाशी गेला होता, आणि १ इतिहास ५:१ त्याचं ज्येष्ठत्व जाण्याचं कारण तेच देतं. शिवाय हे सगळं मुलग्यांपुरतं. मुलींना वाटा मुलगा नसेल तरच (गणना २७). याच्यावर घरची वाटणी करू नका. गोव्यासारखे काही अपवाद सोडले तर आपल्याकडे ज्यू आणि ख्रिस्ती दोघांनाही १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा-मुलगी समान आणि थोरल्याला जादा काही नाही.