विज्ञान संग्रहालयाचे दालन घडवताना वस्तीतील मुलामुलींना कसे सहभागी करून घ्यावे?

नवे दालन उभारताना वंचित वस्त्यांतील तरुणांना कोणत्या टप्प्यावर बोलवावे, असे आपण विचारले आहे. आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी बोलवावे आणि मानधन देऊन बोलवावे. हे जमणार नसेल, तर त्याला सहभाग म्हणू नये.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. त्यानंतर काही महिन्यांनी, मी ज्या संस्थेत प्रदर्शने तयार करण्याचे काम करत होते, तिथे शहरी पुराची चालती प्रतिकृती करायचे ठरले. ॲक्रिलिकच्या पेटीत कात्रजच्या बाजूचा उतार, मधून ओढा, काठांवर लाकडी ठोकळ्यांची घरे आणि वरून झारीचा पाऊस अशी रचना होती. बटण दाबले की पाणी सगळीकडे सारखे, सावकाश चढत असे. काम जवळजवळ पूर्ण झाल्यावर दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतील सहा जणांना ‘अभिप्राय’ देण्यासाठी बोलावण्यात आले.

त्यांतली अकरावीत शिकणारी एक मुलगी बराच वेळ पेटीकडे पाहत उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, पाणी असं नव्हतं आलं. आमच्या गल्लीत ते मागून आलं.” तिने टेबलावरचे फडके चुरगाळून पेटीतल्या पुलाच्या मोरीत, म्हणजे पुलाखालून पाणी जाण्याच्या वाटेत, कोंबले आणि पाऊस सुरू करायला सांगितले. पुलाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबले, फुगवटा मागे मागे सरकला आणि ओढ्यापासून लांब मांडलेली घरे बुडाली; खालचा काठ तोवर कोरडाच होता. मग फडके सुटले आणि साठलेल्या पाण्याच्या एका लोंढ्याने खालचे ठोकळे वाहून गेले. सिमेंटखाली गेलेल्या जमिनीत पाऊस मुरत नाही, तो लगेच ओढ्याला मिळतो आणि अरुंद मोरीत कचरा अडकला की पातळी झपाट्याने चढते, हे आम्हाला ठाऊक होते, फलकावर आम्ही ते लिहिलेही होते. पेटीत मात्र ते कुठेच नव्हते.

आमच्या वरिष्ठांचे म्हणणे असे की मुलांनी अनुभव सांगावा, रचना तज्ज्ञांनी करावी. मला हे तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही, कारण मोरीत बोळा कोंबून पाहणे हीच रचना होती आणि ती तिने केली होती. दोन महिने वाद घातल्यावर मोरीला उघडझाप करणारी झडप बसली, पण फलकावर देणगीदारांची नावे आली आणि तिचे आले नाही. कारण देण्यात आले की तशी प्रथा नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात, जे १९६९ साली सुरू झाले, शाळकरी वयाच्या मुलांना वेतन देऊन दालनात मार्गदर्शक म्हणून नेमतात आणि तिथली कार्यशाळाही पाहुण्यांना दिसेल अशी ठेवलेली आहे. प्रथा पाडावी लागते.

म्हणून पहिल्या बैठकीला आराखडा नव्हे, पुठ्ठा, सुतळी आणि पाण्याची बादली घेऊन जा. शक्य असेल तर बैठक वस्तीतल्या समाजमंदिरातच घ्या, कारण मुलींना घरची कामे उरकून यायचे असते. मानधन किती आणि फलकावर नाव कोणत्या जागी, हे त्याच दिवशी लेखी ठरवा.

काही गोष्टी मी आधी सांगायला हव्या होत्या. अठरा वर्षांखालील मुलांच्या पालकांची लेखी संमती घ्यावी, परीक्षेचे दिवस टाळावेत, आणि ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांना ती रात्र पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये. एका मुलीचे म्हणणे म्हणजे सगळ्या वस्तीचे म्हणणे, असेही धरू नये. पुढच्या वर्षी त्याच मुलीने मला सांगितले की तिला ग्रहणांची प्रतिकृती करायची आहे, तेव्हा ‘तुला ओढ्याचे जास्त कळते’ असे म्हणून मी तिला परत पाण्याकडेच वळवले होते. ती चूक माझी होती.