चर्चला जाणं थांबलं, आता देवाचं काय?

"मॅडम, मी चर्च सोडलंय की देव, तेच मला कळत नाही. आणि पप्पा दर रविवारी विचारतात, उपासनेला गेला होतात ना?"

पहिलं वाक्य मला नवीन नव्हतं. डॅलसच्या उपनगरात समुपदेशन करताना गेल्या काही वर्षांत ते मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय: सत्तरीच्या आजीकडून, कॉलेजच्या मुलाकडून, एका माजी युवा-पाळकाकडूनही, म्हणजे चर्चमधल्या तरुणांचं बघणाऱ्या धर्मगुरूकडूनही. दुसरं वाक्य मात्र मराठीत होतं, तेही नगरी हेलात. तिच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून हे लिहिते आहे. तिला इथे ताईच म्हणते.

ताईंचं माहेर नगरचं, घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. वडील निवृत्त शिक्षक, मंडळीचे म्हणजे तिथल्या चर्चचे वडीलधारे (एल्डर) म्हणून अजूनही सेवा करतात. ती आणि नवरा दोघंही आयटीत. मी ख्रिस्ती नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं. ती म्हणाली, "म्हणूनच आले. आपल्यातल्या कुणाकडे गेले असते, तर शनिवारी बोललेलं रविवारी मंडळीत पोचलं असतं."

तक्रारी साध्या वाटाव्यात अशा होत्या. शनिवारी रात्री झोप नाही. रविवारी सकाळी पोटात गोळा. नवरा मुलांना तयार करून चर्चला नेतो, ही घरी भांडी घासत बसते. तिने पर्समधून एक गोल झालेला स्टिकर काढून दाखवला. इथल्या मोठ्या चर्चमध्ये मुलांना रविवारच्या वर्गात सोडताना यंत्रातून दोन चिठ्ठ्या निघतात. एक मुलाच्या शर्टावर लागते, दुसरी आईकडे राहते आणि दोन्हींवर एकच क्रमांक असतो. तो जुळल्याशिवाय मूल परत देत नाहीत. "हा शेवटचा," ती म्हणाली. तारीख नोव्हेंबर 2023 ची होती.

या चर्चने तिला काय दिलं, ते आधी सांगायला हवं. नाहीतर पुढचं दुःख कळणार नाही. दुसऱ्या बाळंतपणात आई येऊ शकली नाही, व्हिसा मिळाला नव्हता. तेव्हा बुधवारच्या गृहसभेतल्या बायकांनी आळीपाळीने घरी जेवण पोचवलं. त्यातल्या एकीने तर यूट्यूबवर बघून मेथीचे लाडू करायचा प्रयत्न केला होता. "दगडासारखे झाले होते हो," ताई हसत म्हणाली आणि लगेच रडायला लागली.

2020 मध्ये बिनसायला लागलं. आधी मास्कवरून, मग निवडणुकीवरून. 6 जानेवारी 2021 ला वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या इमारतीवर जमाव चालून गेला. त्या गर्दीत येशूच्या नावाचे फलक होते, लाकडी क्रूस होता, आणि सिनेटच्या सभागृहात घुसलेल्यांनी तिथे उभं राहून प्रार्थनाही केली. ताई ऑफिसच्या मीटिंगमध्ये आवाज बंद करून ते बघत होती. पुढच्या रविवारी व्यासपीठावरून कुणी त्याचा निषेध करेल, असं तिला वाटलं. कुणी काही बोललं नाही. बुधवारी गृहसभेत एकीने अभिमानाने सांगितलं की तिचा भाचा तिथे गेला होता. त्यावर ताईही काही बोलली नाही.

मग ऑक्टोबर 2023. सात तारखेला हमासने इस्रायलमध्ये जे केलं त्याबद्दल चर्चमध्ये शोक झाला, मेणबत्त्या लावल्या. ते योग्यच होतं, तीही रडली. पण 19 तारखेला गाझा शहरातल्या संत पोर्फिरियस या ऑर्थोडॉक्स चर्चच्या आवारावर इस्रायली हल्ला झाला. आसऱ्याला आलेली माणसं ढिगाऱ्याखाली मेली, त्यांत लहान मुलंही होती. रविवारी निदान त्या ख्रिस्ती मुलांसाठी तरी प्रार्थना होईल, असं ताईला वाटत होतं. पडद्यावर आला तो पश्चिम आशियाचा नकाशा, त्यावर बाण आणि शास्त्रातली भाकितं. युद्ध म्हणजे येशूच्या पुनरागमनाच्या काळाची चिन्हं, आपण आनंदाने तयार राहावं, असा उपदेश झाला. गृहसभा चालवणाऱ्या बाईंना तिने विचारलं, "त्या मुलांचं काय?" बाई प्रेमानेच म्हणाल्या, "हनी, हे सगळं लिहिलेलंच आहे."

लाडू करणारी बाई तीच.

मला इथे आमच्याच धंद्यातल्या एका सवयीबद्दल बोलायचंय. अशी माणसं आली की काही समुपदेशक घाईने सांगतात, श्रद्धा ही वैयक्तिक गोष्ट आहे, घरी प्रार्थना करा, संस्थेची गरजच काय? नगरच्या मंडळीत वाढलेल्या बाईला हा सल्ला निरुपयोगी आहे. तिची श्रद्धा म्हणजे बाकावर शेजारी बसलेल्या मावशीचा बेसूर आवाज, नाताळच्या आधी घरोघर फिरणारी गाणाऱ्यांची टोळी, प्रभुभोजनाच्या रविवारी आईची पांढरी साडी. तिला एकटीने श्रद्धा ठेवायला सांगणं म्हणजे वारकऱ्याला घरातल्या घरात वारी कर म्हणण्यासारखं आहे.

दुसरी घाई उलट दिशेची: चर्च बदला, दुसरं शोधा. तेही मी म्हटलं नाही. आधी नेमकं काय तुटलंय ते बघायला हवं होतं.

ज्युली एक्सलाइन, केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये धार्मिक घालमेल मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात अशा घालमेलीचे सहा प्रकार आहेत. देवावरचा राग, दुष्ट शक्तींची भीती, धर्मातल्या माणसांशी आणि संस्थेशी बिनसणं, आपल्या हातून पाप होतंय ही टोचणी, जगण्याला अर्थ उरला नाही असं वाटणं, आणि श्रद्धेविषयीची शंका. मी हे सहाही ताईपुढे ठेवले आणि विचारलं, तुमचं ओझं यात कसं वाटाल?

तिने बराच वेळ घेतला. सगळ्यात मोठा वाटा माणसांशी बिनसण्याला. शंका? "आहे, पण ती मला नगरला न्यू आर्ट्‌स कॉलेजात असल्यापासून आहे, तिचं काही नाही." देवावर राग थोडा. मग टोचणीवर बोट ठेवून थांबली. "हे जास्त आहे. मी 2021 मध्ये का गप्प बसले? डब्यांमुळे. ज्यांचं खाल्लं त्यांना कसं बोलायचं, म्हणून."

तिचं पोट रविवारी का दुखतं, ते तिथे कळलं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी एका जखमेचं वर्णन केलंय. ज्याच्या हाती रास्त अधिकार आहे, त्यानेच मोठ्या निकराच्या प्रसंगी जे योग्य त्याचा विश्वासघात केला की होते ती. शे त्याला नैतिक जखम म्हणतात. सैनिकासाठी तो अधिकारी असतो, ताईसाठी पाळक होता. अशी जखम झालेला माणूस भित्रा नसतो, श्रद्धाहीन तर नसतोच. त्याला योग्य-अयोग्याची चाड असते म्हणूनच ती होते. हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मला काहीतरी झालंय. मी काही केलेलं नाही." तिथून तिची झोप हळूहळू सुधारली. अर्थात नुसत्या वाक्याने नाही. तिच्या डॉक्टरांनी काही काळ औषधही दिलं होतं.

ती एकटी नाही, हेही आकड्यांनी दाखवलं. गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या पाहणीत 1999 मध्ये 70 टक्के अमेरिकन स्वतःला कुठल्या ना कुठल्या चर्च, सिनेगॉग किंवा मशिदीचे सदस्य म्हणवत होते, 2020 मध्ये 47 टक्के. सगळ्यांचीच कारणं राजकारणाची नाहीत. पण एवढी माणसं बाहेर पडतात, तेव्हा प्रत्येकाला आपणच एकटे निघालो असं वाटतं, हे मला विचित्र वाटतं.

मग तिचा राग सबंध धर्मावर गेला. "सगळीकडे हेच. रशियाचा तो पॅट्रिआर्क बघा." तिचं खोटं नव्हतं. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख, पॅट्रिआर्क किरिल यांनी युक्रेन युद्ध चालू असताना सप्टेंबर 2022 मध्ये प्रवचनातून सांगितलं होतं की कर्तव्य बजावताना मेलेल्या सैनिकाची पापं त्या बलिदानाने धुतली जातात. मी तिला त्याच चर्चमधल्या इओआन कोवाल यांच्याबद्दल सांगितलं. पॅट्रिआर्कनी नेमून दिलेल्या प्रार्थनेत मॉस्कोच्या या धर्मगुरूने 'विजय'च्या जागी 'शांती' म्हटलं. तक्रार झाली आणि 2023 मध्ये त्यांचं धर्मगुरूपद काढून घेतलं गेलं. पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कनी त्यांना ते परत दिलं. ताईने विचारलं, "एका शब्दासाठी?" मी हो म्हटलं. इतिहास ऐकवून दुःख हलकं होतं असं मी मानत नाही, पण तिला तिच्या बाजूचंही कुणीतरी त्याच धर्मात दिसायला हवं होतं.

खरं तर असे लोक तिच्या महाराष्ट्रातच होते, आणि ते तिलाच आठवले. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि दोन वर्षांत तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांना पत्रातून बजावलं की एका पुरोहितशाहीच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटले आहे, दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान द्यायची माझी तयारी नाही. आणि रेव्हरंड टिळक! 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. ताईच्या घरी टिळकांची भजनं रोजची. त्यांनी मिशन सोडलं होतं हे तिला ठाऊक होतं, पण आपल्याशी त्याचा संबंध असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

तिने ठरवलं, पप्पांना हेच सांगायचं. आम्ही तयारीही केली: आधी खोटं बोलत होते हे कबूल करायचं, पाळकांची निंदा करायची नाही, निर्णय विचारायचा नाही, फक्त सांगायचं.

पप्पांनी सगळं ऐकलं. टिळकांचं नाव आल्यावर म्हणाले, "टिळक कवी होते गं. तू दोन लेकरांची आई. लेकरांना घेऊन कुठल्या दरबारात बसणार आहेस?"

ती चिडून माझ्याकडे आली. मला मात्र म्हातारबुवांचा प्रश्न रास्त वाटला, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. संस्था सोडणाऱ्याला पर्याय उभा करण्याचं कष्टाचं काम करावंच लागतं. टिळकांनाही ते चुकलं नाही. शिवाय पप्पांनी फोन ठेवला नव्हता. "उपासनेला जात नाहीस तर त्या वेळी मला फोन कर, एक स्तोत्र वाचू," असंही ते म्हणाले होते. रागाच्या भरात हे तिने मला सगळ्यात शेवटी सांगितलं.

आता इथली रविवार सकाळ म्हणजे नगरची संध्याकाळ. दोघं स्तोत्रं वाचतात. तेराव्या स्तोत्रात दाविदाने देवाला चार वेळा 'कोठवर?' असं विचारलंय, त्यावर बापलेकीचा चांगला वाद झाला म्हणे. महिन्यातून एकदा इथली काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं एकाच्या घरी जमून मराठीत गातात, तिथे ती जाते. तिथेही राजकारणावरून दोन तट आहेत, पण जेवताना दोघंही बोलतात. मोठ्या मुलाला जुन्या चर्चमधल्या मित्रांना सोडायचं नाही. त्याला तिने खरं तेच सांगितलं: आईला तिथल्या काही गोष्टी पटत नाहीत, बाबांना चालतात, तुला मोठा झाल्यावर ठरवता येईल. नऊ वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. आईबाप एकमेकांची टिंगल करत नाहीत ना, याकडे त्याचं जास्त लक्ष असतं.

असाच गोळा कुणाच्या पोटात येत असेल, तर रविवार सोडून इतर दिवशीही झोप, भूक, काम बिघडलंय का, ते बघा. जगणं नको असे विचार येत असतील तर थांबू नका. अमेरिकेत 988, भारतात टेली-मानस 14416 या मदत क्रमांकांवर फोन करा.

ताईकडे सध्या वेगळाच विषय आहे, दशांशाचा. उत्पन्नाचा दहावा हिस्सा अजूनही दोघांच्या संयुक्त खात्यातून जुन्या चर्चला जात होता, हे तिला एप्रिलमध्ये कर भरताना दिसलं. तिला तो गाझातल्या अल-अहली रुग्णालयाला द्यायचाय, ते जेरुसलेमच्या अँग्लिकन धर्मप्रांताचं आहे. नवरा म्हणतो, मुलं ज्या वर्गात बसतात त्याचं वीजबिल कोण भरणार? दोघंही गेल्या वेळी एकत्र आले होते. या महिन्यापुरतं अर्धं-अर्धं ठरलंय. पुढच्या महिन्याचं भांडण बाकी आहे.